फायबरच्या डब्याला पडलेलं भोक

आमच्या कळंबच्या घराला लागून थोडी मोकळी जागा आहे. तिथं दोन वर्षं एक पांढरा डबा उभा होता. लेक आणि जावई त्याला कॅरव्हॅन म्हणायचे, शेजारीपाजारी घरगाडी म्हणायचे, मी डबा म्हणायचो. चारचाकीच्या मागं जोडून ओढत न्यायचा, पाहिजे तिथं उभा करायचा आणि आत झोपायचं, अशी ती वस्तू. आत दोघांपुरता पलंग, एक शेगडी, हात धुण्यापुरतं बेसिन. मी ताठ उभा राहिलो की डोकं छताला टेकायचं. जावयाला हिंडायची हौस भारी, पण नागपूरला त्यांच्या फ्लॅटखाली एक गाडीच कशीबशी मावते, म्हणून डबा सासऱ्याच्या दारात. मी एकदा जावयाला म्हटलंही, लोक हुंडा मागतात, तुम्ही पार्किंग मागितलं. तो खूप हसला. तेव्हा आमच्या घरात हसायची रीत होती.

डबा न्यायला आणि आणून ठेवायला लेक महिन्या-दोन महिन्यांनी यायची. दोन दिवस राहायची, आईच्या हातचं खायची, आईशी खुसूरफुसूर करायची. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचो. मायलेकींच्या गप्पांत बापानं तोंड घातलं की गप्पा बंद होतात, हे मला फार आधी कळलं होतं.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर माझी बायको वारली.

नागपंचमीच्या सुमारास तिचं पोट दुखायला लागलं. यवतमाळला नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार काही करता येण्यासारखं राहिलेलं नाही. लेक तेव्हा पाचव्या महिन्यात होती. आधी दोनदा तिचा गर्भ टिकला नव्हता, म्हणून या वेळी पलंगावरून उतरायचं नाही, जिना चढायचा नाही, मनाला लावून घ्यायचं नाही, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं. बायकोनं दवाखान्यात पहिल्याच दिवशी माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तिले सांगू नोका. पोर हाती येऊ द्या, मंग सांगा. एवढं करा माह्यासाठी."

मी तेवढं केलं. लेकीचा रोज फोन यायचा. बायको सलाईनच्या हातानं फोन कानाला लावून सांगायची, की मटकी भिजत घातली आहे, तुरीला फुलं आलीत म्हणतात, तुझे बाबा अजून तसेच आहेत. मग फोन माझ्याकडं यायचा. "आई थकल्यासारखी वाटते," लेक म्हणायची. मी म्हणायचो, "काही नाही, ठीक आहे." अडीच महिने असं चाललं. एके दिवशी बायको बोलेनाशी झाली, तेव्हा मी लेकीला फोन केला. ती सातव्या महिन्याचं पोट घेऊन नागपूरहून गाडीत आडवी पडून आली. आईनं डोळे उघडले नाहीत. दोन दिवसांनी सगळं संपलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे नातेवाईक बसले होते. लेकीला बोलायला सांगितलं. ती उठली, आईच्या फोटोकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बाबांनी मला सांगितलंच नाही." आणि खाली बसली. मी काही बोललो नाही. काय बोलायचं होतं? तुझ्या आईनंच तोंडावर बोट ठेवायला लावलं, आणि तेही तुझ्या पोटातल्या जिवासाठी? ते ऐकून तिनं त्या जिवाकडं पुढं कुठल्या नजरेनं पाहिलं असतं? म्हणून मी ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. जानेवारीत तिला मुलगी झाली. नागपूरला जाऊन पाहून आलो. लेक माझ्याशी बोलली, नाही असं नाही. चहा घेता का, बस किती वाजता आहे, एवढं बोलली.

त्यानंतर तिचे फोन यायचे ते डब्याबद्दल. टायरमध्ये हवा आहे का, ताडपत्री उडाली नाही ना. मला ते पुरत होतं. काहीतरी विचारायला तरी माणूस फोन करतो.

एप्रिलमधल्या एका सोमवारी तिचा फोन आला. जावयाच्या ओळखीतल्या कुणाचा तरी नागपूरजवळ प्लॉट आहे, तिथं जागा झाली आहे. "रविवारी सकाळी येतो. डबा घेऊन जातो. तुमच्या मागची कटकट जाईल."

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. डबा गेला की लेकीला कळंबला यायला काही कारण राहणार नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि वाटणं वेगळं. दिवाळीपासून मला काही वाटतच नव्हतं. जेवलो तर जेवलो, नाही तर नाही. लोक म्हणायचे, मोठा धीराचा माणूस आहे. धीर कसला, दात काढताना सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं सगळं अंग झालं होतं.

तरी मंगळवारी सकाळी उठून डबा धुवायला काढला. रविवारी ती येईल तर तिला उन्हात ताटकळत उभं राहावं लागू नये, म्हणून डबा फिरवून त्याचं तोंड रस्त्याकडं करून ठेवावं असं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर, डबा लख्ख पाहून ती घरात येईल, घोटभर चहा घेईल, असंही होतं मनात. एवढं मात्र होतं.

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर होता. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला काकाजी म्हणतो, सोयाबीन आणि तूर पिकवतो, आणि कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही, हा त्याचा दोष. त्यानं डबा जोडला आणि मागं घ्यायला सुरुवात केली. मी डब्याच्या बाजूला उभा राहून इशारा देत होतो.

आता इथं माझी एकतीस वर्षांची नोकरी आडवी आली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी बसच्या बॉडीचं काम केलं. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिव्हेट मारायचे. वर्कशॉपात बस मागं घेताना कुणी तोंडानं ओरडत नाही. इंजिनाच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसानं बॉडीवर तळहातानं थाप मारायची: दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. पत्रा असा दणकून वाजतो, की ड्रायव्हरच्या बुडाखाली कळतं. एकतीस वर्षांत माझ्या थापेवर एकही बस भिंतीला लागली नाही.

मी डब्यावर दोन थापा मारल्या. ट्रॅक्टर मागं आला. पाण्याच्या टाकीचं लोखंडी स्टँड हातभर राहिलं तेव्हा मी जोरात एक थाप मारली. पण फायबर वाजत नाही. ते गादीवर मारल्यासारखं थप म्हणतं आणि गप्प बसतं. मी आणखी एक मारली, ती दोन झाली. शेजाऱ्याला ऐकू आली असती तरी त्यानं मागंच घेतलं असतं. स्टँडच्या अँगलचं टोक डब्याच्या भिंतीत शिरलं आणि कुरमुरे चावल्यासारखा आवाज झाला.

शेजारी उतरून धावत आला. "काकाजी, आवाजच नाही आला ना तुमचा."

तळहात आत जाईल एवढं भोक पडलं होतं. कडेला पांढरे तंतू बाहेर आले होते, आणि भोकापासून चहूकडं तडे गेले होते. मी त्याकडं पाहत उभा राहिलो. शेजारी कपाळाला हात लावून बसला होता, त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं असावं.

"ताईले मी सांगतो फोन करून," तो म्हणाला. "चूक माही हाय. ट्रॅक्टर माहा होता."

"नोको."

"रविवारी येऊन पाह्यल्यावर अजून वाईट वाटन त्यायले."

"म्हणलं ना नोको."

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण काही उगाच पडली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. डबा नेणार, नागपूरला उभा करणार, कोण कशाला पाहतंय. भिंत नीट करायची आणि गप्प बसायचं. गप्प बसण्याची आता चांगली सवय झाली होती.

बुधवारी मी माझी जुनी पेटी काढली. अल्युमिनियमचा पत्रा होता, ड्रिल होतं, रिव्हेटची बंदूक होती. भोकावर बसेल असा चौकोनी तुकडा कापला, कडा घासून गोल केल्या, चारी बाजूंनी भोकं पाडून रिव्हेट मारले. ओळ अशी सरळ आली, की फोरमननं पाठ थोपटली असती. वरून पांढरा रंग दिला. लांबून पाहिलं. एसटीची बस दिसत होती. फक्त लाल पट्टा राहिला होता.

गुरुवारी दुपारी ऊन चढलं आणि टक टक असे आवाज यायला लागले. जाऊन पाहतो तर प्रत्येक रिव्हेटच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा फुटलेल्या. पत्रा तापून ताणत होता, आणि फायबरला ते ताणणं सोसत नव्हतं. पूर्वी एक भोक होतं, आता सोळा झाली होती. त्याच वेळी लेकीचा फोन आला.

"बाबा, टायरमध्ये हवा पाहून ठेवता का?"

"पाह्यली."

"बाकी सगळं ठीक?"

"काही नाही, ठीक आहे."

फोन ठेवल्यावर मी तिथंच विटेवर बसलो. आपण काय बोललो ते मला कळलं होतं. कळलं, आणि तरीही आत काही हललं नाही. मला स्वतःची भीती वाटली ती तेव्हा, आणि तीही थोडीच.

यवतमाळ रोडला एक मूर्तिकार आहे. चाळिशीतला, तोंडाळ, पण हाताचा पक्का. फायबरच्या बुद्धमूर्ती करतो. आजूबाजूच्या कितीतरी गावांतल्या विहारांत त्याच्या हातच्या मूर्ती बसल्या आहेत, आमच्या विहारातलीही त्याचीच. बायकोचा त्याच्यावर जीव होता, कारण तो मूर्तीच्या ओठांवर हसू ठेवायचा पण दिसू द्यायचा नाही, असं ती म्हणायची. मी त्याच्या शेडवर गेलो तेव्हा तो एका भल्या मोठ्या साच्याच्या आत बसून ब्रश मारत होता. मला पाहून बाहेर आला, त्याच सायंकाळी मोटरसायकलवर माझ्यासोबत घरी आला आणि माझा पत्रा पाहून थांबला.

"हे कोणं केलं?"

"मीच."

"काहून पण? काका, हे काय एसटी हाय?"

त्यानं वाकून एकेका रिव्हेटभोवती बोट फिरवलं. मग खिशातून नाणं काढून भिंतीवर टिचक्या मारत गेला. जिथं भिंत धड होती तिथं टणटण वाजायचं, जिथं आतून सुटली होती तिथं भद्द. त्यानं खडूनं रेघ ओढली. माझा पत्रा होता वीतभर, त्याची रेघ हातभर झाली.

"एवढं बंदं, सारंच, काढा लागते," तो म्हणाला. "कोणाची हाय गाडी?"

"पोरीची."

"तिले माहीत हाय?"

"नाही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. हा माणूस एरवी इतका बोलतो, की विहारात भंतेंनाही मध्ये बोलू देत नाही. पण त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "मंग चांगलंच करा लागते."

शुक्रवारी सकाळी सहाला तो आला. रेझिनचा, म्हणजे पातळ डिंकासारख्या रसायनाचा डबा, ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली, काचेच्या तंतूंची चटई, जिला ते मॅट म्हणतात, आणि घासायचं मशीन. आधी त्यानं माझे रिव्हेट एकेक करून काढले. मला वाटलं होतं आता भोक बुजवेल. त्यानं उलट भोक मोठं केलं. सुटलेलं सगळं कापून टाकलं आणि कडा आतून बाहेर अशा उतरत्या घासत नेल्या, बशीची कड असते तशा. मी म्हटलं, अरे, धड भाग कायले घासून राह्यला? तो म्हणाला, धड भागालेच तर नवीन चिकटते, काका. फुटलेल्याले काय चिकटन?

घासताना जी भुकटी उडते ती काचेची असते. तोंडाला गमछा बांधूनही ती मानेत शिरते, मनगटावर बसते, आणि मग जी खाज सुटते ती सांगता येत नाही. मी दोन्ही हात खाजवत होतो. मूर्तिकार म्हणाला, खाजवू नका, थंड पाण्यानं धुवा. मी धुतलं नाही. मला ती खाज बरी वाटत होती. कित्येक महिन्यांनी अंगाला काहीतरी कळत होतं.

मग रेझिन. त्यात हार्डनर किती टाकायचं ते हवेवर असतं. हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात थेंबभर. तो चटईचे गोल कापत होता, तेवढ्यात मी शहाणपणा केला. वर्कशॉपात पुट्टी कालवताना आम्ही अंदाजानं हार्डनर टाकायचो, तसाच अंदाज धरला आणि मगातल्या रेझिनमध्ये झाकणभर ओतलं. कळंबचं एप्रिलचं ऊन, सकाळचे दहा. मी काडीनं ढवळतो आहे, तोच मगातून धूर निघायला लागला. रेझिन आधी दह्यासारखं झालं, मग खडीसाखरेसारखं. मग प्लास्टिकचा मग बाजूनं वितळला. मूर्तिकारानं तो लाथेनं दूर उडवला.

"तुमची एसटी वेळेवर कधी आली नाही," तो म्हणाला, "अन् आज कायची घाई होऊन राह्यली?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, पण यायला हवं होतं एवढं कळलं.

त्यानंतर त्यानं मला हार्डनरला हात लावू दिला नाही. दुपारच्या आधी त्यानं पहिले थर दिले. आधी लहान गोल, त्यावर मोठा, त्यावर त्याहून मोठा. प्रत्येक गोलावर ब्रशनं रेझिन ठोकत जायचं, ओढायचं नाही. पांढरी चटई ओली झाली की दिसेनाशी होते, काचेसारखी आरपार. जिथं पांढरा ठिपका राहिला तिथं हवा अडकली समजायचं. ती हवा रोलरनं हळूहळू कडेला न्यायची आणि बाहेर काढायची. हे काम त्यानं मला दिलं, कारण यात अंदाज लागत नाही, नुसता धीर लागतो. मी दोन तास ठिपके शोधत होतो. बायकोचा विचार आला नाही, लेकीचा आला नाही. माझ्यासमोर फक्त ठिपके होते.

डबा उघडाच होता. भोक असेपर्यंत त्यातून आतला पलंग दिसत होता. बायको उन्हाळ्यात कधी कधी दुपारी तिथं जाऊन बसायची, दोन्हीकडच्या खिडक्या उघडून. जायचं कुठं नाही अन् गाडीत बसली, म्हणून मी चिडवायचो. ती म्हणायची, तुमच्या एसटीपेक्षा बरी, धक्के तरी नाही देत. दुपारी तीनच्या सुमारास शेवटचा थर बसला आणि तो पलंग दिसेनासा झाला. मी पाणी प्यायला घरात गेलो.

शनिवारी पुट्टी आणि पॉलिशपेपर. आधी खरखरीत, मग बारीक, मग पाण्यात भिजवलेला आणखी बारीक. रंगाचं अडलं. त्यानं आणलेला पांढरा मूर्तीचा पांढरा होता, आणि डबा दोन उन्हाळे खाऊन थोडा पिवळट पडला होता. त्यानं एका झाकणात पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब टाकला, मग सुईच्या टोकावर काळा घेतला, ढवळलं, भिंतीवर बोट टेकवून पाहिलं, पुसलं. असं आठ-दहा वेळा. शेवटी त्यानं मला विचारलं, "कोठी लावलं सांगा." मी भिंतीवर शोधलं. सापडलं नाही.

संध्याकाळपर्यंत काम झालं. भिंतीवर कुठंही काही झालं होतं असं दिसत नव्हतं. मूर्तिकार हात पुसत म्हणाला, "तुमच्या पोरीनं भिंग लावून पाह्यलं तरी नाही दिसणार." तो चहा न घेता गेला. मी डब्याभोवती एक चक्कर मारली. खरंच दिसत नव्हतं. मला समाधान वाटायला हवं होतं. वर्कशॉपात एखादी चेपलेली बस नवी होऊन बाहेर पडली की मला दोन दिवस समाधान पुरायचं. आता मी भिंतीकडं पाहत राहिलो आणि वाटलं ते एवढंच, की जमलं. पुन्हा जमलं.

रविवारी साडेआठला ते आले. जावई उतरून पाया पडला. लेक मागच्या सीटवरून पोरीला घेऊन उतरली. बारीक झाली होती. मी म्हटलं आत चला, ती म्हणाली ऊन चढायच्या आत निघतो. जावयानं डब्याभोवती फिरून टायर पाहिले, "मस्त धुतली, बाबा" म्हणाला आणि गाडी मागं घेऊन जोडायला लागला. मी लांब उभा राहिलो. थापा मारल्या नाहीत.

लेक डब्याच्या सावलीत उभी होती. पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेताना तिनं आधारासाठी भिंतीला हात टेकला. मग हात तिथंच ठेवला. मग थोडा सरकवला.

"इथंच एवढं गुळगुळीत काहून लागते?" ती म्हणाली.

आम्ही दिसण्याची काळजी घेतली होती. हाताची घेतली नव्हती. बाकीची भिंत उन्हावाऱ्यानं किंचित खरबरीत झाली होती, आणि आम्ही घासून घासून तेवढीच आरसा केली होती. काही नाही, असं माझ्या जिभेवर आलं. ते दोन शब्द माझ्या तोंडात असे बसले होते, की काढायला जोर लावावा लागला.

"फुटलं होतं," मी म्हटलं. "मागं घेताना टाकीच्या अँगलले लागलं. चूक माही. मंग मी त्यावर पत्रा ठोकला, त्यानं अजून फुटलं. मंग मूर्तिवाल्याले बोलावून भरून घेतलं."

"कधी?"

"मंगळवारी."

"मी गुरुवारी फोन केलता."

"हो."

"तवा नाही सांगतलं."

"नाही."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीवरचा हात पाहत राहिली. पलीकडं जावई हुकशी झटापट करत होता, त्याला काही ऐकू जात नव्हतं.

"आज तरी सांगतलं," ती म्हणाली. मग, माझ्याकडं न पाहता, "बाबा, एक विचारतो. खरं सांगजा. आईनं मले बोलवा म्हणलं होतं का? एकदा तरी?"

खरं उत्तर नाही असं होतं. तिच्या आईनं तिला एकदाही बोलावलं नव्हतं. उलट सांगू नका म्हणून माझं मनगट धरलं होतं. हे खरं सांगितलं असतं, तर माझ्यावरचा ठपका तिथल्या तिथं धुतला गेला असता. पण लेकीच्या वाट्याला काय आलं असतं? आईला मी नको होते. किंवा, या खांद्यावरच्या पोरीपायी मला आई भेटली नाही. माझ्यावरचा राग तिच्या अंगवळणी पडला होता. आईवरचा राग ठेवायला तिच्याकडं जागा नव्हती.

"हो," मी म्हटलं. "म्हणे ना."

"काय म्हणे?"

हे मी ठरवलं नव्हतं. मी जमिनीकडं पाहिलं. "म्हणे, तिले बोलवा. ती माही वेणी घालून देईन म्हणे. नर्सबाई लय ओढते."

हे माझ्या तोंडून कुठून आलं, मला अजून ठाऊक नाही. वेणीचं ती कधीच बोलली नव्हती. पण दवाखान्यात तिच्या केसांचा गुंता झाला होता, तो मी रोज पाहत होतो. आणि बोलून झाल्यावर मला एकदम कळलं, की ती असं म्हणाली असती. नक्की म्हणाली असती. पहिल्या दिवशी ती नको म्हणाली, आणि मी हुकूम निघाल्यासारखा तो पाळत बसलो. अडीच महिने तिच्या उशाशी बसून मी तिला एकदाही परत विचारलं नाही, की बोलावू का पोरीले? एकदा विचारलं असतं तरी तिनं हो म्हटलं असतं.

छातीत इतकं दुखलं, की मी डब्याला धरलं.

"अन् तुम्ही नाही बोलावलं," लेक म्हणाली.

"नाही बोलावलं."

यात खोटं काहीच नव्हतं.

ती रडायला लागली. विहारात रडली नव्हती, दवाखान्यात रडली नव्हती, ते सगळं आता आलं. तिनं पोर माझ्याकडं दिली. मायेनं दिली असं नाही, तिला तोंड झाकायला दोन्ही हात पाहिजे होते आणि जवळ मीच होतो. मी पोरीला घेतलं. अडीच महिन्यांचा जीव, अंगाला दुधाचा वास, उन्हानं डोळे मिटलेले. जिच्यासाठी तिच्या आजीनं तोंड बंद ठेवलं, ती ही. मी तिला आजवर हातात घेतलंच नव्हतं, आणि एवढं लहान मूल कसं धरतात ते विसरून गेलो होतो. तिचं डोकं मागं कलंडायला लागलं. लेकीनं रडता रडताच एक हात तोंडावरून काढला, माझा पंजा धरून पोरीच्या मानेखाली सरकवला, आणि नीट बसला आहे का ते दाबून पाहिलं.